गुंड

कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला टेकून माझं टेबल,
चौथा पाय विटेचा.
सव्वीस वर्षं इथे मी दुसऱ्यांची दुःखं
डबल स्पेसमध्ये टाईप करतो,
पानामागे वीस रुपये.
शाईची फीत आता कुठे मिळत नाही,
इतवारीतला एक म्हातारा जुनीच भिजवून देतो.

विषय : नळजोडणी मिळणेबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे सात अर्ज.
महोदय,

तानाबाई फुलझेले समोर उकिडवी बसली होती.
"लिवा ना जी," म्हणाली,
"रोज पहाटे तीनले आमच्या वस्तीतले
चारशे गुंड रांगेत उभे रायतात.
आमी बाया मागून येतो.
गुंडाले झोप लागत नाई,
आमाले लागते थोडीशी."

माझी बोटं थांबली.
चारशे गुंड, असं साहेबांनी वाचलं
तर टँकरआधी पोलिसांची गाडी जाईल.
मी खोडलं. हंडे केलं.
झोपेचं वाक्य घेतलंच नाही;
अर्जात झोप कुठल्या रकान्यात घालणार?

तिने वाचलं नाही, नुसती सही केली.
ता, ना, बा, ई,
एकेक अक्षर सुटं, रांगेत उभं.

मी कवी आहे असं कोणी म्हटलेलं नाही.
एका दिवाळी अंकाने साभार परत पाठवताना
'आपली कविता' असं लिहिलं होतं,
तेवढाच पुरावा.
पण त्या रात्री पाचपावलीत,
खोलीमागून मालगाडी जाईस्तोवर
मी ते गाळलेलं वाक्य धरून बसलो,
आणि कार्बनच्या पाठीवर अकरा ओळी झाल्या.
हंडे मात्र हंडेच राहिले.
हाताला लागलेली सवय.

डिसेंबरात अधिवेशन आलं, आणि आपला मोर्चा.
टेकडी रोडवर लोखंडी कठडे.
पाच जणांचं शिष्टमंडळ आत घेतलं,
प्लास्टिकच्या फाईलीतून अर्ज आत गेला.
बाकी सगळ्या जणी बाहेर, डांबरावर,
फुटाण्याचे पुडे आणि कोवळं ऊन.
पाचांत तानाबाई नव्हती.
तिला 'मॅडम' नीट म्हणता येत नाही, असं ठरलं होतं.

"तुमी काई लिवलं म्हनत होते. वाचा."
मी वाचलं. घसा कोरडा, कागद निळा.
दुसऱ्या ओळीवर कठड्याला रेललेला
उमरेडकडचा एक शिपाई, न राहवून,
"हंडे काय लावलं बावा, गुंड म्हन ना."

तानाबाईने माझ्याकडे पाहिलं.
"मी तं गुंडच म्हनलं होतं."

आठ अर्जांत मला कोणी असं पकडलं नव्हतं.

मग मागून कोणीतरी हसलं,
आणि ते हसू पुढे सरकत आलं
आणि कठड्यापाशी येऊन घोषणा झालं :
"सांगा साहेबाले!
चारशे गुंड आले!"
पुन्हा. आणि पुन्हा.
ताटं वाजली. एक पोर दचकून उठलं.

शिपायाच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला,
"कसले गुंड? किती? हत्यारं आहेत काय?"
तो क्षणभर बायांकडे बघत राहिला,
मग बटण दाबून म्हणाला,
"पाण्याचे आहेत, सर.
रिकामे."

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.

अर्जावर शिक्का पडला, आवक क्रमांक पडला.
नळ आलेला नाही.
कवितेने नळ येतो असं मी कुठे म्हणत नाही,
आणि अर्जानेही आलेला नाही, हेही लिहून ठेवतो.

नववा अर्ज परवा केला.
गुंडच लिहिलं. तळाशी अर्थ दिला नाही.
झोपेचं वाक्य दुसऱ्या परिच्छेदात,
तिच्याच बोलीत, डबल स्पेस.
साहेबांना नाही कळलं
तर विचारायला बाहेर येतील.
टेबल तिथंच आहे.
वीट तेवढी एका बाजूने झिजली आहे.