कोन

सूरच्या सरकारी दवाखान्यात रात्रीचे दोन.
खाडीवरचा वारा एसीच्या जाळीतून
थोडा खारट होऊन आत येतो. बाहेरचं एवढंच आत.

जुवैना बिन्त खल्फान, पहिलटकरीण,
काल दुपारपासून कळा. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं,
डोकं मात्र थबकलेलं.
डॉक्टर इहाब म्हणतात, अजून वर आहे.
आधीच्या पाळीतली मुलगी लिहून गेली, खाली आहे.
माझी दोन बोटं म्हणतात, मध्येच कुठेतरी.
टाळूवर एवढी सूज आल्यावर
बोटांचं तरी किती ऐकायचं?

मिरजेला मेट्रन सांगायच्या,
बोटांना डोळे फुटले पाहिजेत गं.
फुटले. एकोणतीस वर्षांत त्यांना चष्माही लागला.

म्हणून हे यंत्र.
प्रोबवर हातमोजा चढवते, आत जेली, बाहेर जेली,
तिला विचारून, तिने मान हलवल्यावरच
खालून अलगद उभा टेकवते.
पडद्यावर आधी नुसती राख ढवळल्यासारखी,
मग पुढचं हाड दिसतं, आडवी पडलेली खारीक.
खारकेच्या मधून एक रेघ.
तिच्या टोकापासून दुसरी,
कवटीच्या गोलाईला जेमतेम शिवून जाणारी.
दोन रेघांमध्ये उघडतं ते मोजायचं.
अठ्ठ्याण्णव अंश.

पोटावरून बघते. दोन खोबण्या, वर रोखलेल्या.
म्हणजे हे आभाळाकडे तोंड करून निघालंय.
ही वाट पाठीमागे बघत उतरायची असते,
त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आमच्या जतकडे कोण आणि कोन एकच.
दार वाजलं की, कोन हाय?
बाई पट्टी मारायच्या, ण म्हण, ण.
मी भूमितीत पास झाले, ण मध्ये राहिले.
आता पडद्यापुढे वाकून पुटपुटते, कोन?
आणि मी काय विचारलं ते माझं मलाच कळत नाही.

बाकावर तिचा नवरा, मर्हून,
लाकडी गलबतांच्या कारखान्यात सुतार.
अजून किती?
मी अंगठा आणि बोट उघडून दाखवते,
गुण्यापेक्षा जरासंच जास्त.
तो आपला हात तसाच उघडतो, ताडून बघतो.
आणि पाहिजे किती?
एवढं.
तो बराच वेळ त्या फरकाकडे बघतो. म्हणतो,
फळी वाकवायची तर घाई करून चालत नाही.
मग लगेच, पण तुम्ही डॉक्टरांना विचारा.

डॉक्टर म्हणतात, एक तास.
तिला डाव्या कुशीवर वळवतो, वरच्या पायाखाली उशी.
अडीचला एकशे चार.
पावणेतीनला एकशे चार.
इहाब थिएटरला फोन करून ठेवतात. तेही बरोबरच.
कळ आली की डोकं पुढे, कळ गेली की मागे,
ओहोटीच्या वेळच्या होडीसारखं, दोरीपुरतं.
कळ आल्याशिवाय कळत नाही,
हे आमच्या भाषेला यंत्राआधी ठाऊक होतं.

तीनला पाच कमी. एक खोबण दिसेना.
मग दुसरी कडेला गेली, मग तीही नाही.
आत कोणीतरी कूस पालटली होती.
एकशे एकवीस.

मी पडदा जुवैनाकडे फिरवला.
रेघा तिला काय कळणार?
तिचं बोट धरून त्या गोलाईवर ठेवलं.
घामाने ओला ठसा काचेवर उमटला.
तिने तिच्या बोलीत विचारलं, कोण?
त्या भाषेतही ण नाही.

एकशे बेचाळीसनंतर मी मोजलं नाही.
प्रोब ट्रेमध्ये टाकला, दोन्ही हात लागणार होते.
काळे ओले केस आधी दिसले,
मग चेहरा, जमिनीकडे बघणारा, रागावलेला.
मुलगी.

सांगायला बाहेर आले, तर मर्हून बाकावर झोपलेला,
मांडीवर हात, अंगठा आणि बोट
मी दाखवलं होतं तेवढं उघडं.
लगेच उठवलं नाही.
जेली वाळून बोटं चिकट झाली होती, ती धुवायची होती,
आणि चार नंबरची बाई
कोणाला तरी हाक मारत होती.