पाठीवरचं कपाळ

पेंडेम्बूहून केनेमाला निघालो तेव्हा
जेब्बे म्हातारी माझ्या मागे बसली.
भाडं आधीच दिलं तिनं, रुमालाची गाठ सोडून.
लाल चिखलात चाक घसरलं की मला धरायची,
आणि सेग्ब्वेमाच्या पुढे तर
कपाळच टेकलं माझ्या पाठीवर,
दोन खांद्यांच्या मधोमध.
भाजत होतं.
मी मनात म्हटलं, ऊन आहे.
ऊन नव्हतं.

"इस्पितळाकडे नको रे," ती म्हणाली,
"तिथे गेलेली माणसं परत येत नाहीत.
बाजारापाशी सोड."
सोडलं.

पाचव्या दिवशी रेडिओवर ती आली, नुसता आकडा होऊन.
नाव मागाहून आलं, पायी, बाजारातून,
आणि नावापाठोपाठ माझी मोटरसायकल:
निळी टाकी, तिच्यावर कोंबड्याचं चित्र.
ब्राइमाचीच ती, दुसऱ्या कुणाची?

त्या रात्री याट्टानं माझा शर्ट काठीनं उचलला
आणि केळीमागे नेऊन जाळला.
नायलॉनचा होता. जळला नाही, वितळला.
काळा गोळा उरला, तोही तिनं पुरला.
मोमोला आजोळी धाडलं.
निघताना पोरगा म्हणाला, बाबा, पाठ दाखव.
मी दाखवली, अंगणाच्या या टोकाहून.
"काहीच दिसत नाही," तो म्हणाला,
आणि मग रडायला लागला.

दाराला दोरी.
दोरीपलीकडे क्लोरीनची बादली,
बादलीपलीकडे गाव.
गावात म्हणे डॉक्टरच रक्त विकतात.
रुग्णवाहिकेचा भोंगा नुसता कानावर पडला तरी लागण होते,
म्हणून बायका पोरांच्या कानांत कापूस कोंबत होत्या.
मिठाच्या पाण्यानं अंघोळ केली की उतरतं म्हणे.
मी केली. तीनदा.
फार झोंबलं, कारण त्याआधी मी
मक्याच्या बुरकुंडानं पाठ खरवडून काढली होती,
हात पोचत नाही तिथवर.

एकवीस दिवस.
रोज सकाळी घसा गिळून बघायचा,
डोळे आरशात ताणून बघायचे.
डास चावला तरी मी जेब्बेची आठवण काढायचो,
शिवी देऊनच.

फायिया भात आणायचा. आम्ही एकाच दिवशी गाड्या घेतलेल्या.
ओंडक्यावर ताट ठेवायचा, दगडानं वाजवायचा
आणि पळत सुटायचा.
पळणाऱ्याची पाठ मी कधी इतकी नीट पाहिली नव्हती.
राग नाही आला.
महिन्याभरापूर्वी वांडी शिंप्याच्या दाराला दोरी लागली
तेव्हा मी नदीकडून फिरून जायचो.
त्याला तर ताटही नेलं नाही.
त्याच्याकडे माझी एक पँट शिवायला होती,
ती मी आजवर मागितलेली नाही. मागणार कुणाकडे.

बाविसाव्या दिवशी एक पांढरा माणूस आला,
म्हणजे पांढऱ्या कपड्यांतला; आत आमच्याच सिआचा भाऊ होता,
आवाजावरून ओळखला.
कपाळावर पिस्तूल रोखलं तापाचं.
छत्तीस पूर्णांक चार.
दोरी गुंडाळून त्यानं खिशात घातली, पुढच्या घरासाठी.

अड्ड्यावर दोन दिवस उभा होतो.
गाडी पुसायचो, कोंबडा पुसायचो.
माणसं यायची, टाकी बघायची, दुसऱ्याच्या मागे बसायची.
तिसऱ्या दिवशी एक बाई बसली,
दुसरी गाडी नव्हती म्हणून.
आमच्या मध्ये तिनं पितळी परात उभी धरली.
सेग्ब्वेमाच्या वळणावर चाक घसरलं,
परात खणखणली.
तिनं मला धरलं नाही.
पडली असती, पण धरलं नाही.

त्या क्षणी मला कळलं
की म्हातारीला तेव्हा दुसरं धरायला काहीच नव्हतं.

उतरल्यावर बाईनं नोटा टाकीवर ठेवल्या,
ओल्या, क्लोरीनचा वास येणाऱ्या.
मी त्या कोंबड्यावर पसरून वाळत घातल्या,
वर एकेक खडा ठेवून,
आणि वाळेपर्यंत तिथेच बसलो,
भिंतीला पाठ न टेकता.