चुन्याची निवळी

बाटलीवरची चिठ्ठी माझ्या हातची: चु. निवळी, ताजी.
चुना मात्र आठवी ब मधल्या नाझनीन तांबोळीचा,
भवानी पेठेतल्या वडिलांच्या पानपट्टीवरून
विड्याच्या पानात गुंडाळून आणलेला.
रात्रभर बसू दिला. सकाळी वरचं पाणी गाळलं,
बाटली रिकामीच वाटावी इतकं नितळ.

बाई म्हणाल्या, स्ट्रॉतून फुंका.
ओढायचं नाही रे, फुंकायचं!
चाळीस पोरं, नुसते बुडबुडे, बाकांवर खिदळणं,
आणि परीक्षानळ्यांत पाण्याचं हळूहळू ताक.
"हा तुमच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड."
बाईंनी फळ्यावर बाण काढला.
सगळ्यांनी वहीत बाण काढला.

नाझनीन थांबलीच नाही.
घंटा झाली तरी फुंकतेय, गाल लालबुंद,
आणि तिच्या नळीतलं ताक
परत पाणी.

"बाई, गेलं कुठं?"
"पुढच्या वर्षी आहे ते," बाई डस्टर उचलत म्हणाल्या.

एकवीस वर्षं मी इथं नळ्या धुतो.
संध्याकाळी तिची तेवढी धुतली नाही,
स्पिरिटच्या दिव्यावर धरली.
उकळी फुटली,
श्वास वाफेबरोबर निघून गेला
आणि पांढरं परत आलं, मुकाट,
आमच्या कोंढव्यात बोअरच्या पाण्यानं
चहाच्या पातेल्याला धरतं ना, तसंच.

नळी स्टँडला लावली. चिठ्ठी डकवली:
आठवी ब. गेलं नव्हतं.