डेडस्टॉक, नोंद चौदा

मोडी मला अडखळतच येते,
तरी भिकाजी रंगनाथ गायधनी यांचा हात
आता ओळखू येतो, रुमाल सोडल्या सोडल्या:
'र'ची शेपटी लांब, बेरजा आखडत्या.

चार वर्षं बिनपगारी उमेदवार, नाशकातच.
मग कारकून, दरमहा रुपये बारा.
मग सिन्नर, मग दिंडोरी,
मग घाटापल्याड पेठ.
पेठची बदली म्हणजे शिक्षा,
हे तेव्हाही कुणी लिहीत नसे
आणि तेव्हाही सगळ्यांना ठाऊक असे.

टिपण आहे: हिवतापाने आजारी, रजा नामंजूर.
टिपण आहे: नागलीचं पीक सहा आणे,
सहा खोडून चार.
त्यावर साहेबाची लाल शाई: खुलासा करावा.
खुलासा नऊ पानी.
नऊ पानांत 'दया' हा शब्द एकदाही नाही.
नुसते पाडे, घरटी माणसं,
कुणाच्या कणगीत किती पायल्या,
कुणाकडे कणगीच नाही.

पुढे निफाडला मामलेदार.
दिमतीला एक तट्टू,
त्याच्या हरभऱ्याचा हिशेबही टाचून ठेवलेला.
साहेब बदलत गेले, शेरा तोच राहिला:
इमानी. पण संथ.

एकतीस वर्षांत तीन दिवस कोरे.
चैत्रातले. कारण दिलेलं नाही.
मी पुढचं पान पाहिलं, मागचंही.
चौथ्या दिवशी तोच हात,
फक्त 'र' आखूड.

पेन्शनच्या अर्जाला वेगळी चिठ्ठी जोडलीय:
पितळी दौत, कड झिजलेली,
सरकार विकत देत असल्यास किंमत भरीन.
(तांबट आळी हाकेवर होती की.
नवी कोरी आठ आण्यांत मिळती.)
उत्तर दोन ओळींचं:
सरकारी वस्तू. देता येत नाही.

दरसाल मार्चअखेर,
बाहेर सीबीएसला गाड्यांचा गलका चालू असतो,
मी जुन्या वहीतून नव्या वहीत उतरवते,
जशी ती उतरत आलीय:
चौदा. दौत, पितळी, नग एक.
कपाटं धुंडाळते, माळा, गठ्ठ्यांमागची झुरळं.
हिरामण शिपाई म्हणतो,
बाई, निर्लेखित करून टाका ना एकदाची.

करू, म्हणते. पुढच्या वर्षी.
आणि शेऱ्याच्या रकान्यात
माझ्याआधी कित्येकांनी लिहिलं तेच लिहिते,
जरा संथपणे:
आढळत नाही. शोध चालू.