हवेत झाडली

जिनिंगच्या मागल्या भिंतीवर मांजरपाट ताणला होता
आणि त्यावर बर्फ पडत होता.
बोरखेडीत बर्फ कुणी पाहिलेला नाही.
सुगंधाकाकू म्हणाली, किती कापूस सांडला वं माय, कोणी भरत काहून नाही?
रिकाम्या पोत्यांवर बसलेलं सगळं गाव हसलं.

सिनेमा कोणत्या देशाचा, कुणालाच ठाऊक नाही.
खालच्या इंग्रजी ओळी भराभर पळणाऱ्या,
त्या वाचू शकेल असा गावात मी एकटा,
बी.ए. दुसरं वर्ष, इंग्रजीचाच पेपर राहिलेला.
म्हणून माईक माझ्या हातात.

मी सांगत होतो:
हा शिपाई. हा कैदी.
तीन दिवसांची वाट हाय, छावणीपर्यंत न्याचं हाय त्याले.
पाव एकच हाय.
आता शिपायानं मोठा तुकडा कोणाले देल्ला, पाहा.

पुढे, एकट्याच खुर्चीवर, डोमाजी ठवरे.
एकाहत्तरच्या लढाईतले.
बूट घातल्याशिवाय अजून ओट्याखाली उतरत नाहीत.
कैदी झोपेत काही पुटपुटला,
ओळ आली, गेली, मला वाचता आली नाही.
"मायले हाक मारली त्यानं," डोमाजीबा म्हणाले.
त्यांना ती भाषा येत नव्हती.

मग लाइन गेली.
बर्फ विझला. सरकीचा वास तेवढा उरला.
अंधारात खुर्ची करकरली.

"माह्या पहाऱ्यात सातशे होते.
रोज सांजच्याले मोजाचो.
एक कमी भरला तं पोटात गोळा,
एक जास्त भरला तं त्याहून मोठा.
त्यातला एक अल्लादित्ता, मुलतानकडचा.
पाण्याचा मग घेतानी त्यानं माही बोटं पाह्यली,
नखापाशी चिरा होत्या, लहानपणच्या.
काही बोल्ला नाही. आपली बोटं पुढं केली.
तशाच.
बोंडानं चिरलेली बोटं, लेका, लपत नसते.
तो म्हणे फुट्टी. म्या म्हटलं, हो, फुटला.
दोघंबी मायच्या वटीमागं फिरलेले.
इचारलं त्यानं, पहिल्या वेच्याले तुमच्यात काय करते?
म्या सीतादही सांगतलं.
दहीभात वावरात शिंपता? म्हणे. खात नाही?
अन् हासला. सातशे माणसाइत तेवढा एक आवाज."

कुणीतरी बिडी पेटवली.
काडीच्या उजेडात त्यांचे हात मांडीवर होते, उताणे.

"मंग माही बदली झाली.
तो घरी गेला का, कवा गेला,
मले नाही ठाऊक.
शेवटची मोजणी दुसऱ्यानं केली."

लाइन आली. बर्फ पुन्हा पडू लागला.
साहेबाचा हुकूम आला होता,
शिपाई कैद्याला झाडांच्या मागे घेऊन गेला.
कॅमेरा गेला नाही. तो झाडाशीच थांबला.
गोळी वाजली.
कावळे उडाले.
गोळीच्या खाली ओळ नव्हती.

दीडशे माना माझ्याकडे वळल्या.
एक वळली नाही.
मी माईक तोंडाशी नेला, गळा कोरडा,
म्हटलं:
हवेत झाडली. कैदी पळून गेला.

बरं झालं बाई, सुगंधाकाकू म्हणाली,
आणि पोतं झटकून उठली.

सकाळी जिनिंगच्या फाटकाशी ट्रॅक्टरांची रांग,
ट्रॉलीतून ओघळलेला कापूस रस्त्यावर, बाभळीवर.
डोमाजीबा चहा बशीत ओतत होते.
"हवेत झाडली असती," ते म्हणाले,
"तं पाखरं फांदीवरून उडाली असती.
थे भुईवरून उडाले."
मी बशीकडे पाहत राहिलो.
"पण पुन्हा लावला सिनेमा,
तं तसंच सांगजो."

फुंकर मारली, घोट घेतला,
आणि रांगेतले ट्रॅक्टर मोजू लागले, रोजच्यासारखे.
एकोणीसला अडखळले.
बोट पुन्हा पहिल्या ट्रॅक्टरवर नेलं.