शिसं

मे महिन्यात, नागपुरात, भरदुपारी चूल पेटवायची
म्हणजे एक तर डोकं फिरलेलं असावं, नाही तर जाळं हलकं झालेलं.
आमचं जाळं हलकं झालं होतं.
काठाच्या गोळ्या एकेक करून
अंबाझरीच्या गाळात राहून गेल्या,
आणि हलकं जाळं पाण्यावर पडतं,
पाण्यात उतरत नाही.

बाबा म्हणाले, "औंदा तू ओत.
माह्या हाताचं काई खरं नाई आता."

शिसं मिळालं मोमिनपुऱ्यात, पंक्चरवाल्या सलामतभाईकडे:
गाड्यांच्या चाकांना लावायचे तुकडे,
डब्यात दातांसारखे खडखडणारे, तीन किलो.
पैसे घेतले, पण वर चहा पाजला.

बाबा बाजेवर बसून एकेक सांगत होते.
"वारा पाठीशी घे. धूर नाकात नको.
पोट्ट्यायले तिकडं मावशीकडं धाड.
हे गंज आता याच कामाचं,
यात पुन्हा वरण नाई शिजणार.
आन् ओल नको. साच्यात नको, पळीत नको.
पान्याचा एक थेंब रसात गेला
तर गंज शिव्या देते."

त्यांच्या डाव्या भुवईवर पांढरा चट्टा आहे.
लहानपणी विचारलं की म्हणायचे, मरळ चावली.

शिसं लाल होत नाही. लोखंडासारखा गाजावाजा नाही.
तुकडे नुसते बसकण मारतात, तळ्यात म्हशी बसाव्यात तसे,
आणि त्यांचे पोलादी चिमटे वर येतात.
लोखंड तरंगताना मी पहिल्यांदाच पाहिलं.
ते झाऱ्याने काढले. मेणबत्तीचा तुकडा टाकला,
भडका उडाला, राखाडी साय बाजूला झाली,
खाली आरसा:
त्यात कडुलिंब, आणि तोंडाला ओढणी बांधलेली कुणी बाई.

पहिल्या दहा-बारा गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या.
"साचा थंडा हाये अजून. टाक परत गंजात.
तू झाली तवा तूबी अशीच होती."

भिंतीपलीकडून जांभुळकर काकांनी डोकावलं,
तळ्यापलीकडच्या फॅक्टरीतून निवृत्त.
"काय ओतून राहिली वं?"
"गोळ्या."
त्यांनी एक थंड झालेली उचलली, तळहातावर तोलली.
"दोन तोळे," म्हणाले. नंतर बराच वेळ काही नाही.
"आमीबी मोजूनच धाडत होतो.
कुठं गेल्या, ते काई कधी समजलं नाई."
आणि गोळी भिंतीवर ठेवून आत गेले.

साचा तापला तशा गोळ्या नितळ पडू लागल्या,
मधोमध चिरा, दोरी बसेल एवढा.
चाळीस झाल्या. साठ झाल्या.
मी गंजावर वाकले होते, भरलेली पळी हातात,
आणि नाकाच्या शेंड्यावर घाम येऊन थांबला होता,
हे मला कळलंच नाही.
एकदम डोळ्यांपुढे पांढरं फडकं आलं.
बाबांचा दुपट्टा. थेंब त्यात गेला.
तो हात तेव्हा थरथरत होता का,
मी पाहिलं नाही. माझे डोळे पळीवर होते.

संध्याकाळी तीनदा साबण लावून हात धुतले,
तरी नखांत काळं राहिलंच.
जाळं अंगणात पसरलं.
बाबांनी एक गोळी दोरीवर चढवली
आणि सवयीने तोंडाकडे नेली.
चाळीस वर्षं त्यांनी असाच चिरा मिटवला,
दाढेखाली धरून, एकेका जाळ्याला दोन-अडीचशे वेळा.
मेयोतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद दाखवून
हेच तर विचारलं होतं, दाताने का हो?
आणि ते लाजून हसले होते,
"हात तर जाळ्यात गुतलेले रायतात नं, म्याडम."

गोळी ओठांपर्यंत आली.
मी काही बोलले नाही.
पक्कड पुढे केली.