पिसं

बीट म्हटलं की निहिराचे ओठ
दुपारच्या दुकानासारखे बंद.

रविवारी नेरूळच्या तळ्यावर गेलो.
चिखलात चोच उलटी बुडवून
फ्लेमिंगो जेवत होते,
कुणीही मागे वाटी घेऊन धावत नव्हतं.
"ते गुलाबी कसे?"
"जे खातात, त्यानं."
ती गप्प. रिक्षातही गप्प.

संध्याकाळी मी बीट किसलं,
पक्षी तिनं मांडला:
दह्याचं तळं, शेवग्याच्या शेंगेचे पाय,
मिऱ्याचा एकच डोळा.
हात लाल, फ्रॉक लाल, फ्रिजचं दारसुद्धा.

खाल्लं नाही.
एक बोट चाटलं फक्त
आणि आरशासमोर कोपर उचलून
काखेत बघत राहिली
बराच वेळ.

"एका बोटानं नाही होत, बाबा.
उद्या दोन."